शिक्षा आधी वाचणारा माणूस

आमच्या बार रूमच्या ग्रंथपालांना गुन्ह्यात रस नव्हता. कुठलंही कलम काढलं की त्यांचं बोट सरळ शेवटच्या ओळीवर जायचं. तिथली शिक्षा वाचायचे, मान हलवायचे आणि पुस्तक मिटायचे. वर काय लिहिलंय, म्हणजे माणसाने नेमकं केलं काय, हे वाचण्याची तसदी त्यांनी घेतलेली मी पाहिली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "गुन्हे काय गो बाय, बाबा आदमच्या जमान्यापासून तेच आहेत. चोरी, मारामारी, शिवीगाळ. बदलते ती शिक्षा. शिक्षा आधी वाच."

मी तेव्हा नवी वकील होते. घाटकोपरहून रोज उपनगरातल्या त्या कोर्टात जायचे. कुठलं कोर्ट ते सांगत नाही, कारण तिथे मला अजूनही रोज जावं लागतं. दुसऱ्या मजल्यावर वकिलांची बार रूम, तिच्या एका टोकाला तीन कपाटं, एक लांब टेबल आणि त्या टेबलामागे ग्रंथपाल. त्यांची नेमणूक वकिलांच्या संघटनेने केलेली, पगार यथातथाच. सगळे त्यांना काका म्हणायचे. मुलुंडला राहायचे, वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणच्या बाजूला. बोलायचे मुंबईचं, पण राग आला की मालवणी बाहेर यायची. राग रोज यायचा.

माझी त्यांची ओळख झाली ती आरोपी म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी जिभेला बोट लावून पान उलटलं. काका खुर्चीतून उठले, कपाटावर लावलेल्या फ्रेमकडे बोट करून म्हणाले, "वाच." फ्रेममध्ये त्यांच्या अक्षरातला तक्ता होता. थुंकी लावून पान उलटणे, दहा चिठ्ठ्या. पान दुमडणे, वीस. पुस्तकावर चहाचा कप ठेवणे, चाळीस चिठ्ठ्या आणि कप जप्त. पुस्तक घरी नेऊन 'विसरणे', शंभर. खाली तळटीप होती की दर पाडव्याला दर सुधारले जातील आणि जुने दर आपोआप रद्द होतील.

या चिठ्ठ्या म्हणजे दुरुस्तीच्या चिठ्ठ्या. कायद्यात बदल झाला की दर वेळी नवं पुस्तक घेणं परवडत नाही. म्हणून बदललेला मजकूर छापील चिठ्ठीवर यायचा, नाहीतर राजपत्रातून कापून घ्यायचा, आणि जुन्या ओळींवर चिकटवून टाकायचा. सगळ्या जुन्या कायदा-ग्रंथालयांत हे चालतं. काकांनी त्याचं व्रत केलं होतं. मैद्याची खळ ते घरून स्टीलच्या डब्यात आणत, तीत चिमूटभर मोरचूद घातलेला, म्हणजे झुरळं लागत नाहीत. ब्रश, पट्टी, ब्लेड खिशात. आणि नियम एकच: खळ चिठ्ठीच्या पूर्ण अंगाला लागली पाहिजे. नुसती कड चिकटवलेली त्यांना चालायची नाही. "कुणी उचलून खालचा बघता कामा नये," असं ते म्हणायचे. "खाली मेलेला कायदा आहे. मेलेल्याला कशाला उठवायचा?"

तर मी दहा चिठ्ठ्या लावल्या. मग पान दुमडलं म्हणून वीस. वर्षभरात माझ्या हाताला मैद्याचा वास कायमचा लागला, आणि आई विचारायची की तू नक्की वकिलीच करतेस ना.

त्यांचं दुसरं वेड दिल्लीला पत्र पाठवण्याचं. जुन्या दंड संहितेतले दंडाचे आकडे दीडशे वर्षांपूर्वी ठरलेले आणि त्यातले बरेच तसेच पडून राहिलेले. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला तर दंड दहा रुपयांपर्यंत. "दहा रुपये!" काका टेबलावर पट्टी आपटायचे. "धिंगाणा सोड, सोबतच्या शेंगदाण्याची पुडी तरी येते काय दहात?" सार्वजनिक रस्ता अडवला तर दोनशे. त्यांचं म्हणणं, दंड असा असावा की माणसाची निदान आठवडाभराची कमाई जावी, नाहीतर तो दंड नव्हे, तिकीट. हाड मोडलं असेल तर महिनाभराची. या हिशेबाने त्यांनी कलमागणिक नवे आकडे काढले होते, आणि दरवर्षी पाडव्यानंतर चार पानी पत्रात ते दिल्लीला कळवायचे. कमाई कुणाची धरायची हे मात्र त्यांनी पत्रात कधी लिहिलं नाही.

एकदा उत्तरही आलं होतं. आपले पत्र मिळाले, पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात येत आहे. ते उत्तर त्यांनी बार रूममधल्या प्रत्येकाला दाखवलं, अगदी चहावाल्यालाही. कुणी हसलं की म्हणायचे, "हस, हस. आपलो आकडो येतलो एक दिवस."

आणि आला की हो. दोन हजार चोवीसच्या जुलैत जुनी संहिता जाऊन नवी न्याय संहिता लागू झाली. वकिलांची वाट लागली. चारशेवीसला आता चारशेवीस म्हणायचं नाही, तीनशेदोनला तीनशेदोन म्हणायचं नाही, पाठ केलेले सगळे आकडे पाण्यात. बार रूममध्ये नुसतं रडगाणं चाललेलं. एकटे काका खूश. नवं पुस्तक घेऊन ते दोन दिवस कोपऱ्यात बसले आणि पेन्सिलीने आपल्या पत्रातले आकडे नव्या आकड्यांशी ताडून पाहत राहिले. मधूनच ओरडायचे. "धिंगाण्याचे हजार केले! मी पाचशे म्हटलेले, यांनी हजार केले!" शिवाय त्या कलमात सामुदायिक सेवा नावाची नवीनच शिक्षा आली होती. ती वाचून ते फ्रेमकडे बघत म्हणाले, "ही आपल्याकडे कधीपासून आहे."

सगळ्यात जास्त आनंद झाला तो बेफिकिरीने वागून कुणाला गंभीर दुखापत करण्याच्या कलमाचा. जुन्यात ते ३३८, कैद दोन वर्षांपर्यंत, किंवा दंड एक हजारापर्यंत, किंवा दोन्ही. नव्यात तीन वर्षं आणि दहा हजार. काकांच्या पत्रात वर्षानुवर्षं दहा हजारच होते. त्या दिवशी त्यांनी मला खास बोलावून ती ओळ दाखवली. "आपला आकडा," एवढंच म्हणाले, आणि खरं सांगते, मलाही बरं वाटलं. ज्याचं कुणी ऐकत नाही अशा माणसाचं एकदा तरी कुणीतरी ऐकलं, असं वाटलं.

संघटनेने नव्या कायद्याची दोनच पुस्तकं घेतली. वकील दीडशे. काकांनी मग कपाटातल्या जुन्या संहितेच्या नऊ प्रती काढल्या आणि आयुष्यभर जे केलं तेच केलं. प्रत्येक कलमाच्या नव्या आकड्याची आणि नव्या शिक्षेची चिठ्ठी टाइप करून घेतली आणि जुन्या ओळींवर पूर्ण अंगाला खळ लावून चिकटवायला सुरुवात केली. महिनाभर बार रूममध्ये कुणी जांभई दिली तरी वीस चिठ्ठ्या होत होत्या. मीही लावल्या. ३३८ चं पान मीच केलं, पाच प्रतींमध्ये. कडा ब्लेडने साफ केल्या आणि काकांनी पाठ थोपटली.

नऊ पुस्तकं नवीकोरी झाली. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की खालचा जुना कायदा अजून मेलेला नाही. माणसाला शिक्षा द्यायची ती गुन्हा घडला त्या दिवशीच्या कायद्याने, नंतर वाढवलेली शिक्षा मागच्या माणसाला लावता येत नाही. हे मला परीक्षेत आलं होतं आणि मी लिहिलंही होतं. कोर्टात जुनी प्रकरणं हजारोंनी पडलेली, आणि ती सगळी जुन्याच आकड्यांवर चालणार होती. पण चिठ्ठी आली की खालचं झाकायचं, ही सवय काकांच्या हातात चाळीस वर्षांची होती आणि माझ्या हातात दोनच वर्षांची, तरी ती आम्हा दोघांच्याही डोक्यावर चढली.

माझा एक अशील होता, प्रकाश नावाचा रिक्षावाला. साकीनाक्याला वळताना त्याच्या रिक्षाने एका बाईंना धडक दिली होती आणि त्यांचा पाय मोडला होता. ही गोष्ट नवा कायदा येण्याच्या आदल्या दिवाळीची, म्हणजे कलम जुनं ३३८. बाई बऱ्या झाल्या होत्या, प्रकाशला तारखा मारून कंटाळा आला होता, त्याने गुन्हा कबूल करून दंड भरायचं ठरवलं. मी त्याला सांगितलं, फार तर हजार रुपये होतील, घेऊन ये. तो बाराशे घेऊन सकाळी अकराला हजर झाला.

मी त्याला बार रूमच्या बाकावर बसवलं आणि दुसऱ्या कोर्टात गेले. तिथे एक बिल्डरचं प्रकरण होतं आणि माझ्या सीनियरनी मला पहिल्यांदाच उभं राहायला सांगितलं होतं. मधे दोनदा बार रूममध्ये कागद न्यायला आले तेव्हा प्रकाश उठून उभा राहिला. "मॅडम, आत तर टाकणार नाहीत ना?" मी म्हटलं, "बघू रे, बस तू." दुसऱ्यांदा तर मी थांबलेसुद्धा नाही, नुसता हात केला.

दीड वाजता त्याचा पुकारा झाला. प्रकाश नव्हता. बाकावर नव्हता, खाली नव्हता, फोन बंद. शिपायाने तीनदा नाव पुकारलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अजामीनपात्र वॉरंट काढलं. म्हणजे आता पोलीस जिथे सापडेल तिथून उचलणार. मी प्रकाशला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले.

चार दिवसांनी त्याची बायको बार रूममध्ये आली. असल्फ्याच्या टेकडीवर राहणारी, घरकामं करणारी बाई. दारातूनच सुरू झाली.

"मॅडम, तुम्ही खोटं कशाला बोललात? हजार म्हणालात, पुस्तकात दहा हजार निघाले. कुठून आणणार होता तो दहा हजार? नाही भरले तर तिथल्या तिथे आत टाकतात, हे आम्हाला काय माहीत नाही? काल पोलीस येऊन गेले घरी. पोरगी दहावीला आहे माझी, तिच्यासमोर."

"कुठल्या पुस्तकात?" मी विचारलं.

"इथल्याच. त्या काकांनी उघडून दाखवलं त्याला."

काका टेबलामागे होते. खळीचा डबा हातात. त्यांनी डबा खाली ठेवला, चष्मा लावला आणि आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं.

"निळ्या शर्टवाला? बाकावर बसलेला?" ते म्हणाले. "बिचारा सारखा उठत होता, बसत होता. मी म्हटलं, कलम काय रे तुझं? म्हणाला ३३८. मी काढून दाखवलं." मग एकदम थांबले. "कधीचं आहे प्रकरण?"

मी सांगितलं.

त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, पान उघडलं. चिठ्ठी होती. तिच्यावर आपला आकडा. त्यांनी नखाने कड उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. मग खुर्चीत बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "मी त्याला कौतुकाने वाचून दाखवलं गो. दहा हजार म्हणून. मोठ्याने."

त्या दुपारी त्यांनी चहावाल्याची किटली मागून घेतली. तोटीतून येणाऱ्या वाफेवर पान धरायचं आणि चिठ्ठी सोडवायची. मी बाजूला उभी राहून बघत होते. पहिली चिठ्ठी सुटली, पण खालची छपाई घेऊन सुटली. जुनी अक्षरं चिठ्ठीच्या पाठीला उलटी चिकटलेली आणि पानावर नुसता पांढरा खरबरीत कागद. दुसऱ्या प्रतीत तेच. तिसरीत तेच. आठ पुस्तकांत जुना कायदा असा गेला. पेन काढून त्या पांढऱ्या जागेत काकांनी जुनी शिक्षा हाताने लिहिली, पाठ होती म्हणून. दोन वर्षं, एक हजार. नववं पुस्तक त्यांनी मिटून कपाटात ठेवलं, त्याला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावर आले नाहीत. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणे. संघटनेच्या सेक्रेटरींनी मुलुंडला फोन लावला, तर घरचे म्हणाले, रात्रीच्या एसटीने राजापूरला गेलेत. प्रकाश तिथे आपल्या गावी लपला होता, तो पत्ता त्यांनी त्याच्या बायकोकडून घेतला होता.

पुढचं प्रकाशने मला सांगितलं. तो चुलत्याच्या काजूच्या बागेत राहत होता. काका सकाळी तिथे पोचले, पाणी पण न घेता उभ्या उभ्या म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं. तुझं जुनं प्रकरण आहे. हजारच. चल." प्रकाशला वाटलं पोलिसांनी पाठवलाय. तो म्हणाला, "वकीलबाई तोंडी बोलल्या होत्या, तुम्ही पुस्तक उघडून दाखवलं होतं. आता तुम्ही पण तोंडीच बोलताय." काका अंगणात बसले ते संध्याकाळपर्यंत. शेवटी चुलता कंटाळला आणि म्हणाला, एवढा म्हातारा माणूस खोटं बोलायला एवढ्या लांब येणार नाही, जा बाबा.

दोघं मुंबईला परत आले ते थेट कोर्टात. मी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज तयार ठेवला होता. आरोपीच्या गैरहजेरीचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'गैरसमजामुळे'. वकिली भाषेत हा शब्द फार उपयोगी आहे, त्यात कुणाचंच नाव येत नाही.

साहेबांनी अर्ज वाचला. "कसला गैरसमज?"

मी म्हटलं, "साहेब, आरोपीला शिक्षेबद्दल..." आणि अडखळले.

"मी सांगतो साहेब." मागून आवाज आला. काका पक्षकारांच्या बाकांमधून पुढे आले. एसटीच्या प्रवासाने शर्ट चुरगळलेला.

"तुम्ही कोण?"

"वर बार रूममध्ये पुस्तकं सांभाळतो. याला शिक्षा मी सांगितली. हजाराच्या जागी दहा हजार सांगितले. जुन्या पुस्तकावर मी नव्या कायद्याची चिठ्ठी लावून ठेवलेली. हा घाबरून पळाला. चूक माझी."

"तुम्हाला कुणी अधिकार दिला शिक्षा सांगायचा?"

"कोणी नाही साहेब."

"मग याच्या वकिलांनी काही सांगितलं नव्हतं का याला?" साहेबांनी हे विचारलं काकांना, पण पाहिलं माझ्याकडे.

आता मी बोलायला हवं होतं. तो दोन तास बाकावर होता. त्याने मला दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी त्याला बस म्हटलं. मी दोन मिनिटं थांबून त्याला नीट समजावलं असतं तर त्याने परक्या म्हाताऱ्यासमोर आपलं कलम काढलंच नसतं. आणि ती चिठ्ठी कुणी लावली होती तेही मला माहीत होतं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. मला भीती वाटली. नवी वकील होते, साहेब रोजचे होते, सीनियर मागच्या खुर्चीत बसले होते.

"सांगितलेलं साहेब," काका म्हणाले. "बाईंनी बरोबरच सांगितलेलं, हजार. याने माझ्या पुस्तकावर विश्वास ठेवला. एकट्या माझी चूक आहे."

साहेबांनी काकांना, यापुढे कुणालाही कायदा सांगायचा नाही, अशी समज दिली आणि वॉरंट रद्द केलं. प्रकाशने गुन्हा कबूल केला. आठशे रुपये दंड, न भरल्यास सात दिवस कैद. प्रकाशने शर्टाच्या आतल्या खिशातून तेच बाराशे काढले. गावाला जाताना रिक्षा दुसऱ्याला चालवायला दिली होती, त्यामुळे त्याचा तो आठवडा गेलाच होता. बायकोने बाहेर त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग रडायला लागली.

काकांनी त्या वर्षी दिल्लीला पत्र पाठवलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आता कुणी कलम विचारायला आलं तर पुस्तकाला हात लावायच्या आधी विचारतात, "कधी घडलं?" आणि सांगणाऱ्याने नुसतं साल सांगितलं तर महिना विचारतात. वकिलांनाच सांगतात, पक्षकाराला सांगत नाहीत. साहेबांनी दिलेली समज ते अजून पाळतात.

वॉरंट रद्द झालं त्याच दिवशी मी त्यांना जिन्यात गाठलं. ते कठड्याला धरून सावकाश वर चढत होते. मी म्हटलं, "काका, तो दोन तास बसला होता. मला दोनदा विचारलं त्याने."

"माहीत आहे. मी समोरच बसलेलो."

"मग सांगितलं का नाहीत तुम्ही?"

"त्याला आज वकील लागणार होता गो. मला काय लागणार?"

ते पुढे चढायला लागले. मला तेव्हा रडू आलं असतं तर बरं झालं असतं, ते आलं नाही. मी खालूनच विचारलं, "मग माझं काय, काका? मला काय शिक्षा?"

ते थांबले. मला वाटलं हसतील, वीस चिठ्ठ्या म्हणतील. पण त्यांनी खरोखरच विचार केला, डोळे मिटून, कलम शोधताना करायचे तसा.

"जुन्यात नाय," ते म्हणाले. "नव्यात पण नाय. जा बाय, तुझा पुकारा होईल."